मदत हवी आहे: घरात संध्याकाळची रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) परत कशी सुरू करावी?

नमस्कार मंडळी, आम्ही वसईकडचे कॅथलिक. माझी ड्युटी चर्चगेटला, बायको क्लासेस घेते, मुलांचं आपापलं चालू असतं, त्यामुळे सगळे घरी येईपर्यंत नऊ वाजून जातात आणि तोवर आई एकटीच आल्तारपुढे (घरातल्या वेदीपुढे) बसून रोझरी म्हणून मोकळी झालेली असते. लहानपणी सात वाजले की वाडीत घराघरातून रोझरीतलं 'नमो मारिया' ऐकू यायचं, बाबा शेतातून आलेले असले तरी हातपाय धुवून आधी रोझरी, मग जेवण.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, तेव्हा सगळे बसायला लागलोय. पण पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा वेळा 'नमो मारिया') म्हणजे वीसेक मिनिटं, त्यात धाकटी पेंगते, कुकरची शिट्टी होते, माझा फोन टेबलावर थरथरत राहतो आणि ओठ हलत असतात पण मन ऑफिसच्या मेलमध्ये. तरी त्या वेळेत आई मुलांचा हात धरून बसते ना, ते मला फार मोलाचं वाटतं, देवासाठी काढलेला वेळ एकमेकांनाच मिळतो.

आता आगमनकाळापर्यंत (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांपर्यंत) तरी हे टिकवायचंय. तुमच्यापैकी शिफ्टवाले, लोकलवाले कसं जमवतात? रोज एकच दशक मनापासून म्हणावं आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) पूर्ण रोझरी, असं कोणी करतं का? की जेवणाआधीचीच वेळ ठरवून जो घरी असेल त्याने बसायचं? आणि मोठा मुलगा दहावीला आहे, त्याला जबरदस्ती न करता कसं बसवायचं? प्लीज सांगा.