मदत हवी आहे: ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या सफरीचा असंक्षिप्त मराठी अनुवाद

ज्यूल व्हर्नची १८६४ची ही कादंबरी मी पुन्हा वाचतेय, या वेळी सातवीतल्या भाच्याला मोठ्याने वाचून दाखवत. त्याला मराठीतूनच ऐकायचंय आणि इंग्रजीवरून ऐनवेळी भाषांतर करताना सगळी गंमत जाते.

घरची जुनी मराठी प्रत संक्षिप्त आहे. मूळ कादंबरीत ४५ प्रकरणं, हिच्यात फार कमी. आइसलँडच्या स्नेफेल्स ज्वालामुखीच्या विवरातून उतरणं आहे, इटलीतल्या स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीतून बाहेर पडणंही आहे, पण पाणी संपल्यावरची तडफड आणि अंधारात चुकलेल्या अ‍ॅक्सेलचा (सफरीवर निघालेल्या प्रोफेसरांच्या पुतण्याचा) एकटेपणा दोन-चार ओळींत उरकलाय. माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथेच आहे!

सीताबर्डीवरची जुन्या पुस्तकांची दुकानं आणि धरमपेठेतलं एक वाचनालय पाहून झालं. सगळीकडे मुलांसाठी छोटी केलेलीच आवृत्ती. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला हे माहीत आहे, त्यामुळे ते नाव सुचवलंत तर कुठलं पुस्तक आणि ते पूर्ण आहे की रूपांतर, तेही सांगा. प्रोफेसरांचं नाव लिडेनब्रॉकच हवं. १८७१च्या इंग्रजी आवृत्तीने त्यांना हार्डविग केलं आणि मजकूरही बराच बदलला, त्यावरून केलेला अनुवाद नको.

छापील प्रतच हवी, जुनी चालेल. पुण्या-मुंबईहून पोस्टाने मागवायचीही तयारी आहे.

असा पूर्ण अनुवाद तुमच्यापैकी कोणी स्वतः वाचलाय का? अनुवादक आणि प्रकाशक कोण, आणि नागपुरात तो कुठे मिळेल?