हाड झिजतं, कुरतडलं जातं, की खाल्लं जातं?

पत्रकवाली
रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे शरीराचा प्रतिकारच सांध्यांवर उलटतो त्या संधिवाताच्या, रुग्णांसाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करतेय. पुण्यातल्याच एका बाह्यरुग्ण विभागात ठेवायचंय. एका वाक्यावर गाडी अडलीय. आजार आटोक्यात नसला तर सांध्याच्या कडेला हाडात 'इरोजन' होतात, हातापायांच्या एक्स-रेत ती दिसतात आणि सहसा भरून येत नाहीत, असा मूळ मजकूर आहे. मी 'हाडाची झीज होते' लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यावर लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'ही झीज नव्हे'. पर्याय दिलेला नाही. छपाई गुरुवारी आहे, काही सुचवा.

तुळईवाला
बाईंचं बरोबर आहे. 'गुडघ्याची झीज' म्हटलं की ऐकणाऱ्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस कळतो: वय झालं, वजन वाढलं, कूर्चा घासली गेली. झिजणं हे वापराने होतं. पर्वतीच्या पायऱ्या झिजल्या, कारण लोक चढले-उतरले. वाड्याची तुळई वाळवीने गेली तर 'तुळई झिजली' कुणी म्हणत नाही. रुमॅटॉइडमधलं हाड दुसऱ्या जातीचं. तिथे कुणीतरी ते खातंय.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. 'झीज' वाचलेला माणूस सांध्याला विश्रांती देतो, तेल लावतो, 'आता वयच झालं' म्हणून गप्प बसतो. इकडे पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडाला खाचा पडायला लागलेल्या असतात. पस्तिशीतल्या बाईला 'झीज' सांगितली तर ती एक तर विश्वास ठेवणार नाही, नाहीतर नको तो ठेवेल.

झिज्जइ
थोडं थांबा. संस्कृत क्षीयते, प्राकृत झिज्जइ, त्यावरून आपलं झिजणे. मुळात अर्थ 'कमी होणे' एवढाच. घर्षण मागाहून चिकटलं. दुखण्याने माणूस झिजतो तेव्हा त्याला कोण घासत असतं? शब्दाचा जुना पैस मोठा आहे. डॉक्टरांनी तो गुडघ्यापुरता आखडून घेतला म्हणून आपण का सोडायचा?

तुळईवाला
कारण पत्रक आज वाचलं जाणार आहे, प्राकृतात नाही.

कडेकडेने
लॅटिन बघा, मजा आहे. इरोजनच्या पोटात 'रोडेरे' आहे, म्हणजे कुरतडणे. रोडंट, म्हणजे उंदीर-घुशी, त्याच धातूचे. तेव्हा 'कुरतडणे' हे भाषांतर नाहीच, सख्खं भावंड आहे.

वस्तुस्थितीलाही ते चपखल बसतं, कारण कुरतडणं कडेपासून सुरू होतं. भाकरी उंदराने कुरतडली तर कडा आधी जाते. सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चेची टोपी असते. ती जिथे संपते आणि सांध्याचं अस्तर जिथे हाडाला चिकटतं, त्यांच्यामध्ये हाडाची एक अरुंद पट्टी उघडी राहते. तिथे कूर्चेचं संरक्षण नाही. पहिल्या खाचा तिथेच पडतात. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी अंगठ्याकडच्या बाजूला, मनगटात करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या टोकाला, आणि पायाच्या करंगळीच्या मुळाशी. पायाची करंगळी बरेचदा हाताच्याही आधी, म्हणून हात दुखत असले तरी एक्स-रे पायांचाही काढतात. पत्रकात हे एक वाक्य घाला, 'हात दुखतोय आणि फोटो पायाचा कशाला' हा प्रश्न टळेल.

सुषिर
'पोखरणे' का नको?

कडेकडेने
पोखरलेलं बाहेरून शाबूत दिसतं आणि आतून पोकळ असतं. ते ऑस्टिओपोरोसिसला द्या. आतली जाळी विरळ होते, बाहेरचा आकार तोच राहतो. रुमॅटॉइडमध्ये हेही होतं, सांध्यालगत आणि पुढे सगळ्या सांगाड्यात, त्यामुळे दोन्ही क्रियापदं लागतील. एकात दोन्ही कोंबू नका.

भूगोलाच्या पुस्तकातली 'धूप' कुणी सुचवायच्या आत सांगतो: 'हाडांची धूप' वाचून लोक उदबत्ती शोधतील. 'क्षरण'ही नको, त्यात झिरपणं-पाझरणं आहे.

शासकीय परिभाषा
अस्थिक्षय. सुटसुटीत.

तुळईवाला
क्षय म्हणजे मराठीत टीबी. 'हाडाचा क्षय' वाचून रुग्ण थेट टीबीच्या दवाखान्यात जाईल. शिवाय 'अस्थी' शब्द ज्या कामासाठी घराघरात वापरतात, ते काम रुग्ण जिवंत असताना आठवून देऊ नये. हाडाला हाड म्हणा.

सुषिर
मग त्या खाणाऱ्या पेशीचं काय करणार? ऑस्टिओक्लास्ट. पाठ्यपुस्तकी मराठीत 'अस्थिभक्षक' वाचलंय. ग्रीक 'क्लास्टोस' म्हणजे मोडलेला. आयकॉनोक्लास्टला आपण मूर्तिभंजक म्हणतो, त्या न्यायाने अस्थिभंजक व्हायला हवं.

कडेकडेने
न्याय बरोबर, पण अस्थिभंग म्हणजे फ्रॅक्चर. आणि ही पेशी काही मोडत नाही. ती हाडावर पालथ्या वाटीसारखी बसते, कडा घट्ट चिकटवून घेते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने कॅल्शियमचा भाग विरघळतो, मग कॅथेप्सिन-के नावाचं विकर (एन्झाइम) उरलेलं कोलॅजन तोडतं. मागे खळगा राहतो. म्हणजे विरघळवणारी म्हणा, पचवणारी म्हणा. भंजक मात्र नाही.

'भक्षक'च्या बाजूने आणखी एक मुद्दा. ही पेशी रक्तातल्या ज्या वंशातून येते, त्याच वंशातून जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशी येतात. चुलत भावंडंच. हाडांचे आणि प्रतिकाराचे डॉक्टर वेगळे असतील, पण पेशींचं कुळ एक आहे.

पत्रकवाली
भक्षक म्हटलं की ती खलनायक वाटते. निरोगी माणसातही ती असतेच ना?

कडेकडेने
असतेच, आणि हवीच. जुनं हाड काढल्याशिवाय नवं बसत नाही. एक खळगा खणायला साधारण तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. (पुणेकरांना खणणं आणि बुजवणं यांतलं अंतर समजावून सांगावं लागू नये.) बिघाड होतो तो हुकूम देणाऱ्यांकडून. सुजलेल्या अस्तरातल्या पेशी आणि टी-पेशी (प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी) रँकल नावाचं प्रथिन बनवतात. ते भक्षकांच्या कच्च्या पेशींना सांगतं, 'पिका आणि कामाला लागा'. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१७ ही दाहाची निरोप्या प्रथिनं त्याला जोर देतात. रँकलला मधल्यामध्ये अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन १९९७ मध्ये सापडलं. ते सुजेच्या मानाने तोकडं पडतं. आणि भरणाऱ्या पेशींना डीकेके-१ सारखी प्रथिनं थोपवून धरतात, म्हणून खळगा तसाच राहतो. तुमच्या मूळ वाक्यातलं 'भरून येत नाहीत' ते यामुळे. 'झीज' शब्दात यातला कुणीच दिसत नाही.

झिज्जइ
'कुरतड' मध्ये रँकल दिसतो वाटतं?

कडेकडेने
उंदीर तरी दिसतो.

काढा नको
पत्रकात 'प्रतिकारशक्ती' कुठे वापरलाय? खरा घोळ तिथे आहे. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त, तिसरं काही नाही. आजारी पडलो म्हणजे कमी झाली, मग वाढवा. एका हातात गुळवेलीचा काढा, दुसऱ्या हातात प्रतिकार दाबणारं मेथोट्रेक्सेट! गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते आणि ती इजा स्वयंप्रतिकारी (शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं त्या) हिपॅटायटिससारखी दिसत होती. 'प्रतिकारयंत्रणा' लिहा. यंत्रणा चुकू शकते, तिचा नेम भलतीकडे जाऊ शकतो. शक्तीला नेम नसतो.

शासकीय परिभाषा
प्रतिक्षमता हा मान्य शब्द आहे.

काढा नको
मान्य कुणाला?

जखडलेला कणा
सगळे खाण्यावरच बसलात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या कण्याच्या संधिवातात दाह तसाच, टीएनएफ तोच, पण मणक्यांच्या कडेला नवं हाड *वाढतं* आणि मणके जुळत जातात. त्याच वेळी मणक्याच्या आतलं हाड विरळ होत असतं. बाहेर पूल, आत पोकळ, त्यामुळे साध्या पडण्यानेही जुळलेला कणा मोडू शकतो. आता मराठीत 'हाड वाढलंय' म्हणजे टाचेचा काटा. म्हणून लोकांना ते किरकोळ वाटतं. तिथे 'मणके जखडतात' लिहा.

आणि सकाळच्या ताठरपणासाठी 'आखडणे' पुरेसं आहे, मात्र वेळ लिहा. झिजेच्या गुडघ्याचं आखडणं बहुधा अर्ध्या तासात सुटतं, रुमॅटॉइडमध्ये तास-तासभर मूठ वळत नाही. शब्द एकच, फरक घड्याळात.

फक्त रविवारी
पत्रकात औषधांचं पान असेल तर माझा मुद्दा आधी घ्या, कारण यात जीव जाऊ शकतो. मेथोट्रेक्सेटपुढे 'साप्ताहिक' किंवा 'सप्ताहातून' लिहू नका. आपल्याकडे सप्ताह बसतो तो सात दिवस अखंड. 'आठवडाभर'ही तसंच. साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम ही आठवड्याची मात्रा आहे. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, मग रक्तातल्या पेशी घसरतात. वार छापा: 'फक्त रविवारी'. वारासाठी मोकळी चौकट ठेवा, डॉक्टर पेनाने भरतील. फॉलिक अ‍ॅसिडचा वार वेगळा असेल तर तोही लिहा. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असू शकतात, अदलाबदल तिथेच होते.

सुषिर
स्टिरॉइडचंही लिहा. प्रेडनिसोलोन रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांच्या वर चालणार असेल तर हाडांची तपासणी आणि कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाचा विचार तेव्हाच करायचा असतो. आणि डेनोसुमॅबला 'हाडं भरण्याचं इंजेक्शन' म्हणतात ते चूक. ते रँकल अडवतं, म्हणजे कुरतडणं थांबवतं. सांध्याची सूज त्याने उतरत नाही. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम. तारीख चुकवून तसंच सोडलं तर दबलेले भक्षक एकदम उठतात आणि मणके मोडण्याचा धोका असतो.

झिज्जइ
म्हणजे 'कुरतडणं' तुम्ही गृहीतच धरलंत.

आंबेमोहोर
मुळात या रोगाला आमवात म्हणायचं सोडून रुमॅटॉइड कशाला? माधवनिदान या जुन्या आयुर्वेद ग्रंथात आहे. आम म्हणजे आंबा, म्हणून तर आंबट वर्ज्य सांगतात.

झिज्जइ
आम म्हणजे अपक्व, न पचलेलं. आंबा आम्रातून आला, आंबट आम्लातून. तिन्ही शब्द वेगळे.

पत्रकवाली
आभार. सध्या असं ठेवलंय: 'प्रतिकारयंत्रणा चुकून सांध्याच्या अस्तरावर उलटते. सुजलेलं अस्तर हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतं आणि हाडाच्या कडा कुरतडल्या जातात. या खाचा सहसा भरून येत नाहीत.' मेथोट्रेक्सेटची वाराची चौकट घातली. बाईंनी 'कुरतडल्या' चालवून घेतलं, आता रेघ 'सुजलेलं' वर आहे. सूज वेगळी, दाह वेगळा म्हणतात.

झिज्जइ
दाह म्हणजे जळणे. सांध्यात काय जळतंय?

तुळईवाला
हात लावून बघा, गरम लागतो.

शासकीय परिभाषा
शोथ.