वाचनकट्टा ग्रुप: 'स्कार्लेट' कुठल्या कप्प्यात ठेवायचं?

मेघना (सी-३०१): मंडळी, क्लबहाउसच्या कपाटासाठी जी पुस्तकं आली त्यात मॅरिसा मेयरचं 'स्कार्लेट' आहे. लूनर क्रॉनिकल्स मालिकेतला दुसरा भाग, २०१३ चा. पहिला भाग 'सिंडर' आपल्याकडे आधीपासून आहे. प्रश्न एवढाच की हे खालच्या कप्प्यात ठेवायचं (बारापर्यंतची मुलं) की वरच्या? मागच्या कव्हरवर रेड रायडिंग हूडचा उल्लेख बघून दोघींनी लहानांसाठी मागितलंसुद्धा.

स्नेहल (बी-२०५): त्यातली एक मी. ईराला दे ना. अकरा पूर्ण झाली. लाल टोपीवाली तर बालवाडीतच पाठ होती तिची.

सायली (बी-७०४): नको नको स्नेहलताई!! ती गोष्ट नाहीये ही. यातले लांडगे खरंच माणसं फाडतात.

देशपांडे काका (ए-१०२): मुळात हे उद्योग हवेत कशाला? चांगली तीन पानांची गोष्ट. तिला अंतराळयानं आणि यंत्रं चिकटवायची, वर दुसरा भाग, तिसरा भाग. सगळी दुकानदारी.

सायली: काका, वाचलंय का तुम्ही?

देशपांडे काका: चाळलंय. वाचायची गरज पडली नाही.

निखिल (सी-६०३): टँकर आला का?

मेघना: निखिल, तो दुसरा ग्रुप रे बाबा.

सायली: ओके, मी सांगते. 'सिंडर'मध्ये सिंड्रेला ही न्यू बीजिंगमधली मेकॅनिक असते, अर्धी माणूस अर्धी यंत्र. ते संपतं तेव्हा ती तुरुंगात. 'स्कार्लेट' सुरू होतं थेट फ्रान्समध्ये, रिउ नावाच्या गावात. स्कार्लेट बेन्वा आजीच्या शेतावरची भाजी हॉटेलांना पोचवते. आजी गायब आहे. पोलिसांनी फाइल बंद केलीय, म्हातारी मनाने निघून गेली असणार म्हणे. पण आजीची ओळख सांगणारी चिप, जी प्रत्येकाच्या हातात बसवलेली असते, ती रक्ताळलेल्या फडक्यात गुंडाळलेली घरातच सापडते. म्हणजे कोणीतरी कापून काढलीय किंवा तिने स्वतः. आणि एका हॉटेलात तो भेटतो, वुल्फ. रस्त्यावर पैशासाठी मारामाऱ्या करणारा. एवढा दांडगा माणूस, पण टोमॅटो कधी पाहिलेलाच नाही! ताटातली फोड बघून नाव विचारतो. मला तो सीन इतका आवडतो ना. लांडगा म्हणजे काय ते त्या टोमॅटोवरून कळतं, हा बिचारा कुठे वाढला असेल.

देशपांडे काका: लांडगा, आणि 'बिचारा'. घ्या.

स्नेहल: नाही पण सायली, मला इथेच अडतंय. मूळ गोष्टीचं सार काय, तर गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाचं ऐकू नकोस. आणि इथे ती त्याच्याच प्रेमात पडते? ईराच्या वयाच्या मुलीने यातून काय घ्यायचं?

मेघना: स्नेहलचा मुद्दा रास्त आहे. जुनी गोष्ट काय आहे तेवढं सांगते, जरा लांबेल. छापील स्वरूपात ही गोष्ट शार्ल पेरोने १६९७ मध्ये पॅरिसमध्ये आणली. त्यात वाचवायला कोणी येत नाही. लांडगा आजीला खातो, पोरीला पांघरुणात बोलावतो, तिलाही खातो, संपलं. खाली पद्यात उपदेश: सगळे लांडगे सारखे नसतात, मवाळ आणि लाघवी असतात ते सगळ्यांत घातक. शिकारी आला तो ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात. पोट कापून दोघींना बाहेर काढणं, दगड भरणं, हे सगळं तिथलं.

आणि काका, हे तुमच्यासाठी. त्याच ग्रिमच्या गोष्टीत शेवटी दुसरा भाग आहे! पुढे कधीतरी ती पुन्हा आजीकडे निघते, दुसरा लांडगा भेटतो. या वेळी पोरगी रस्ता सोडत नाही, तडक आजीकडे जाऊन सांगते, त्याची नजर बरी नव्हती. दोघी दार लावून बसतात. लांडगा छपरावर दबा धरतो. आजीने आदल्या दिवशी सॉसेज उकडलेले असतात, ते पाणी दारातल्या दगडी डोणीत ओतायला लावते. वासाने लांडगा वाकतो, घसरतो, डोणीत पडून बुडून मरतो. शिकारी-बिकारी कोणी नाही, आजी आणि नात, बस्स. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत मात्र हे क्वचितच येतं.

निखिल: सॉसेजच्या पाण्यात! जबरदस्त.

देशपांडे काका: हे मला माहीत नव्हतं. तरी ते लोककथेतलं आहे. ही बाई अमेरिकेत बसून कारखाना चालवते.

सायली: तिने पहिल्या तिन्ही भागांचे कच्चे खर्डे २००८ च्या नोव्हेंबरमध्ये लिहिले, कादंबरी लिहायच्या त्या महिनाभराच्या चॅलेंजमध्ये.

देशपांडे काका: एका महिन्यात तीन? मग कारखानाच म्हणालो ते कमीच.

कुलकर्णी आजी (ए-२०१): मी बोलून टाइप करते आहे चुका सांभाळून घ्या. आमच्या भोपळ्यातल्या म्हातारीला कुठे शिकारी लागला होता. लेकीकडे जाईन तूपरोटी खाईन जाडजूड होईन मग मला खा, असं सांगून निघाली आणि येताना भोपळ्यात बसून सगळ्यांच्या नाकासमोरून घरी. पोरींना ती सांगा. रडणारी कशाला.

स्नेहल: आजी, हाहाहा, अगदी. आणि काका, मूळ गोष्टीला हात लावायचा नाही म्हणता, पण गणपतीत पोरांना भोपळ्याची गोष्ट सांगताना म्हातारीला सीटबेल्ट कोणी लावला होता?

देशपांडे काका: तो प्रसंगावधानाचा भाग होता.

सायली: फ्रान्समध्ये पण अशी हुशार पोरगी आहे. मेघनाताई, ती दोरीवाली सांगा ना.

मेघना: हो, ती खेड्यांतून तोंडी चालत आलेली, एकोणिसाव्या शतकात नोंदवली गेली. त्यात लाल टोपीसुद्धा नाही. पोरगी म्हणते मला बाहेर जायचंय. लांडगा म्हणतो इथेच कर. ती हट्ट धरते. शेवटी तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. अंगणात येऊन ती दोरी झाडाला बांधते आणि धूम. तो आतून विचारत बसतो, झालं का गं?

कुलकर्णी आजी: ही चांगली आहे.

स्नेहल: बरं, मग स्कार्लेट यातली कुठली? खाल्ली जाणारी की दोरी बांधणारी?

सायली: दोन्हीच्या मधे. ती मूर्ख नाहीये. वुल्फच्या हातावरच्या गोंदणाचा संशय येतो तेव्हा ती त्याच्यावर बंदूक रोखून जाब विचारते. तरी आजीला शोधायचं म्हणून त्याच्याबरोबर पॅरिसला जाते, आणि तो तिच्याशी खोटं बोललेला असतोच. तिथे पुस्तक त्याला सोडत नाही. पण त्याला लहानपणीच घरातून उचलून, शरीर बदलून सैनिक बनवलंय, मनावर ताबा दुसऱ्याचा. म्हणजे लांडगा जन्मत नाही, कोणीतरी बनवतं.

मेघना: मला हेच या भागाचं बळ वाटलं. पेरो म्हणतो लांडगा ओळखा. ही विचारते लांडग्याला जंगलात कोणी सोडला. फक्त प्रेम फार घाईत जमतं, थोड्याच दिवसांचा खेळ सगळा. स्नेहलची शंका तिथे मला पटते. शिवाय अर्धं पुस्तक सिंडरच्या तुरुंगातून पळण्याचं, तो थॉर्न नावाचा बढाईखोर कॅप्टन गमतीचा आहे, पण आजीचा शोध रंगात आला की हमखास तिकडे उडी.

सायली: थॉर्नला काही बोलायचं नाही. आणि सिंडरची ती यंत्रमैत्रीण आयको चक्क अख्खं यान होऊन बसते!

स्नेहल: ठीक. आधी मी वाचते. ईराला दोनेक वर्षांनी, आणि तेव्हा वुल्फवर बोलायला मी शेजारी असेन.

मेघना: मग वरचा कप्पा, तेरापासून पुढे. आत चिठ्ठी लावते, 'आधी सिंडर वाचा'. नाहीतर राणी कोण, चंद्रावरचे लोक कोण, काही उमजत नाही. स्नेहल, शनिवारी घेऊन जा. त्यानंतर कोण?

कुलकर्णी आजी: मी. त्या आजीचं काय होतं बघायचंय.

देशपांडे काका: आत्ता क्लबहाउसमध्येच आहे, पुस्तक हातात आहे. शेवटाकडची पानं बघितली.

देशपांडे काका: हा मेसेज हटवला गेला आहे.

सायली: काकाआआ!!!

मेघना: काका, वेळेत हटवलात म्हणून वाचलात.

कुलकर्णी आजी: मी वाचला.