मदत हवी आहे: मोंढ्यातल्या आडतीच्या सॉफ्टवेअरला कोणतं टूलकिट (स्क्रीनवरच्या खिडक्या-बटणं बनवायचं तयार साधन) घ्यावं?

राम राम मंडळी. लातूरला मोंढ्यात आमच्या काकांची आडत आहे, त्यांच्यासाठी पट्टी काढायचं सॉफ्टवेअर करायलोय, म्हणजे सोयाबीन-तुरीचं वजन, भाव, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात मराठीत छापलेली पट्टी. दुकानातला कॉम्प्युटर विंडोज ७ चा, रॅम ४ जीबी, नवा घ्या म्हणलं की काका म्हणतेत "आधी चालवून दाखव". माझा लॅपटॉप उबुंटूचा (लिनक्स), त्यामुळं दोन्हीकडं चालणारंच पाहिजे.

पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) येतं म्हणून आधी त्याच्यासोबत येणारं टीकेइंटर टूलकिट घेतलं. विंडोजवर बरं दिसलं पण उबुंटूवर जोडाक्षरं पार तुटायलीत, 'क्विंटल' वाचताच येईना. वेबपेजसारखं सॉफ्टवेअर बनवायचं इलेक्ट्रॉन सोपं आहे म्हणतेत, पण ते सोबत अख्खं क्रोमियम ब्राउजर घेऊन येतं, एका पट्टीसाठी शंभर एमबीच्या वर ओझं, अन् २३ व्या व्हर्जनपासून विंडोज ७ चा सपोर्टच काढलाय.

आता मन क्यूटी ह्या टूलकिटकडं ओढायलंय. पण क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, म्हणजे ५.१५ वरच थांबावं लागंल, अन् पायथन पण ३.८ च, त्याच्या पुढचं विंडोज ७ वर चढतच नाही. पुढं शेजारच्या दोन-तीन आडत्यांना विकायचा पण इचार आहे, क्यूटी पायथनमधून वापरायला दोन लायब्ररी आहेत: पायक्यूटी जीपीएल लायसन्समध्ये आहे (विकताना आपला कोड पण खुला करावा लागतो) तर पायसाइड एलजीपीएलमध्ये (आपला कोड बंद ठेवता येतो), मग पायसाइड २ च घ्यावं ना?

का डब्ल्यूएक्सपायथन हे पायथनचं दुसरं टूलकिट बरं पडंल? कुणी त्यात मराठी प्रिंट काढली असंल तर सांगा की, दिवाळीनंतर सोयाबीनची आवक वाढली की काकाला बोलायला पण टाइम नसतो.