मे अखेरीस रेनियर: बर्फ वितळतानाची वाट

नमस्कार मंडळी,
मे अखेरीस कोल्हापूरहून आम्ही पाच जण सिअ‍ॅटलला येतोय. वयं पंचेचाळीस ते साठ. पन्हाळा-पावनखिंड दर पावसाळ्यात असते, त्यामुळे चालायची सवय आहे. तिथल्या माउंट रेनियर या बर्फाच्छादित पर्वतावर, पॅराडाइज या ठिकाणाहून सुटणारा स्कायलाइन ट्रेल (पायवाट) करावा म्हणतोय. नऊच किलोमीटर आहे. आभाळ स्वच्छ बघून दहाला निघायचं, चारला परत. पावसाळी बूट चालतील का?
राजारामपुरी, कोल्हापूर

काका, नमस्कार.
बुटांआधी वेळेचं बोलू. मसाई पठाराकडच्या ओढ्यांना पाऊस चढवतो आणि उघडीप उतरवते. इथे ऊन चढवतं. रात्री गोठलेलं बर्फ सकाळी पायाखाली टणक असतं, ओढेही तेव्हाच सगळ्यात खाली असतात. उन्हाने वितळलेलं पाणी ओढ्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून जोर दुपारनंतर, अगदी संध्याकाळपर्यंत. सकाळी घोट्याएवढा वाटलेला ओढा परतताना गुडघ्याला लागतो. स्वच्छ आभाळ बघून दहा ते चार, ही त्यातली सगळ्यात वाईट वेळ. उजाडताच चाला, बाराच्या आत गाडीपाशी या. आदल्या रात्री ढग होते किंवा पारा शून्याखाली गेलाच नाही, तर बर्फ गोठलेलं नसतं. त्या दिवशी लवकर निघूनही उपयोग नाही.

पॅराडाइज सुमारे १,६५० मीटरवर आहे. १९७१-७२ च्या हंगामात तिथे २८ मीटरहून अधिक बर्फ पडलं होतं. मे अखेरीस पायवाट बर्फाखालीच असते, बहुधा जुलैपर्यंत. पावलांचे ठसे म्हणजे वाट नव्हे, ते स्कीवाल्यांचेही असतात. नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

पावसाळी बूट नकोत. टाच टणक, घोटा झाकणारे, पाणी न शिरणारे बूट हवेत, त्यावर गेटर (बूट आणि पोटरी झाकणारं आवरण) आणि मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे धातूचे दात). पण मायक्रोस्पाइक्स सौम्य उतारापुरतेच. ओलं बर्फ त्यांच्या दातांत गोळा होऊन चिकटतं आणि पकड जाते. काठीने बुटावर टोला मारून ते झाडत राहा. ते घालून बसून घसरगुंडी तर कधीच करू नका, दात अडकला की घोटा मोडतो. याच वाटेवरच्या पॅनोरमा पॉइंटखालचा चढ उभा आहे. तिथे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब दातांचे साचे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) लागतात, आणि न शिकता हातात घेतलेली अ‍ॅक्स स्वतःलाच लागते. माझं स्पष्ट मत: तुम्ही त्या चढाच्या पायथ्याहून मागे फिरा.

खडक आणि झाडांच्या बुंध्यालगत बर्फ आतून पोकळ झालेलं असतं, दोन हात लांबून जा. खालून पाण्याचा आवाज आला किंवा बर्फ पट्ट्यासारखं खचलेलं दिसलं, तर तो ओढ्यावरचा पातळ पूल आहे. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, पाय घोट्याच्या वर रुतू लागले, की उभे उतार सोडायचे. निघण्यापूर्वी नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर या हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचाच, रोजचा अंदाज मे अखेरीस बहुधा बंद असतो.

मनापासून धन्यवाद. ओढा आडवा आलाच तर? आणि खायला काय आणू?
राजारामपुरी

काका, उडी मारता येईल अशी अरुंद जागा शोधू नका, तिथेच पाणी खोल आणि जोरकस असतं. पात्र पसरून दोन-तीन धारा झालेली रुंद जागा बघा, खाली धबधबा नाही ना तेही बघा. बूट पायातच ठेवा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, काठीचा तिसरा पाय, आडवं सरकत जायचं. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर परत फिरा.

खायला भडंग आणि शेंगदाण्याचे लाडू उत्तम, हातमोजे न काढता खाता येतात. गॉगल विसरू नका: बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावा.

पाचांपैकी कुणाला बर्फ नकोच असेल, तर सिअ‍ॅटलजवळची रॅटलस्नेक लेजची पायवाट करा. उंची कमी असल्याने ती वाट मेमध्ये मोकळी असते.