उत्तर: बीटलचं बॉनेट मागवण्याआधी

या जुन्या फोक्सवागन बीटलच्या आरसी बुकात १९६७ आहे म्हणून '६७ चं बॉनेट' मागवायचं, असं या चर्चेत ठरत आलंय. कृपया थांबा. फोक्सवागनचं मॉडेल वर्ष तेव्हा ऑगस्टपासून धरत, म्हणजे ऑगस्ट १९६७ पासूनची गाडी १९६८ चं मॉडेल, आणि नेमका ऑगस्ट १९६७ मध्येच पुढचा पत्रा बदलला. बॉनेट आखूड झालं, त्याखालचा एप्रन (गाडीच्या नाकाचा खालचा पत्रा) उंच झाला, बंपर सरळ आणि वर आला. जुनं बॉनेट नव्या एप्रनवर बसतच नाही, कितीही ठोका.

मागची सीट उचला, टनेलवर (तळाच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर) चॅसी नंबर कोरलेला असतो. तिसरा अंक ७ असेल तर लांब बॉनेट, ८ असेल तर आखूड.

मडगार्डवरून मात्र अंदाज बांधू नका. ती बोल्टवर असतात, पन्नास वर्षांत कुणीही बदललेली असू शकतात. एप्रन वेल्ड केलेला असतो, त्यामुळे तो जास्त भरवशाचा. तरी अपघाताची जुनी वेल्डिंग आहे का ते आतून बघाच.

बॉनेटखालची स्टेपनी उभी न राहता आडवी झोपलेली दिसली तर गाडी १३०२ किंवा १३०३ आहे, म्हणजे बीटलची नंतरची मॉडेलं. त्यांची बॉनेटं वेगळी, एकमेकांनाही चालत नाहीत. १३०३ ची पुढची काच फुगीर असते.

नंबर आणि एप्रनचा फोटो टाका, मगच पैसे भरा.