क्राकुफ: जानेवारीतला एक दिवस, एकटीने

नमस्कार मंडळी,
पुढच्या आठवड्यात कामासाठी पोलंडमध्ये कातोवित्सेला जातेय. शुक्रवार मोकळा आहे, तो क्राकुफला घालवीन म्हणते. सोबत कुणी नाही. शाकाहारी आहे. सकाळी ऑश्वित्झ आणि दुपारी शहर, असं जमेल का?
– नवी सभासद, लाइपझिग

*

अगं, दोन्ही एका दिवसात नको. अंतर सत्तरेक किलोमीटर, म्हणून जमेलसं वाटतं. पण ती नाझींची छळछावणी बघून आल्यावर राजवाडे बघायचं मन राहत नाही. ऑश्वित्झसाठी वेगळी खेप कर.

जानेवारीत चारच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेड असेतो रस्त्यावर, मग छपराखाली. स्टेशनवरून बार्बिकनमार्गे (जुना गोल बुरूज) सरळ मोठ्या चौकात जा. हा चौक 1257 साली आखला, एकेक बाजू साधारण 200 मीटर. उन्हाळ्यात छत्र्या आणि टेबलांनी भरलेला असतो, आता तो किती मोठा आहे ते कळेल. वाराही कळेल.

बाराच्या आधी मारियात्स्की चर्चमध्ये पुढची जागा धर. शिल्पकार फाइट श्टोसने घडवलेल्या वेदीची दारं त्या सुमारास उघडतात. तेरा मीटर उंच, मूर्ती लिंबाच्या नव्हे, लिंडेनच्या लाकडाच्या, माणसांपेक्षा मोठ्या. मधोमध येशूची आई मेरी प्राण सोडताना कोसळतेय आणि भोवती येशूचे शिष्य. त्यांच्या हातांवरच्या शिरा बघ. मी न्युर्नबर्गला राहते, म्हणून माझा यात जरा जास्तच जीव आहे. श्टोस आमच्याकडूनच 1477 साली तिकडे गेला आणि 1489 पर्यंत हे काम करत राहिला. परत आल्यावर पैशांच्या भानगडीत खोटा दस्तऐवज केला, म्हणून त्याच्या दोन्ही गालांवर डाग दिले. त्यानंतरही त्याने आमच्या लोरेन्झ चर्चमधला देवदूत घडवलाच. पुढे नाझींनी क्राकुफची वेदी सुटी करून न्युर्नबर्गला आणली. 1946 साली ती परत गेली. आमच्या गावाने कारागीर दिला आणि त्याचं काम पळवलं, दोन्ही केलं! ग्रुपबरोबर गेलं की गाइड घाई करतो. एकटी आहेस तर मान दुखेपर्यंत बस.

बाहेर पड तेव्हा वर कान ठेव. दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून चारही दिशांना तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तुतारीवाल्याच्या घशात हल्लेखोर तातारांचा बाण लागला म्हणे, ती दंतकथा. वाजवणारे मात्र खरोखर अग्निशमन दलाचे जवान.

मग कॉलेजिअम मायुस या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं अंगण (कोपर्निकस त्या विद्यापीठात शिकला), आणि अंधार पडला की चार्तोरिस्की संग्रहालयात लिओनार्दोचं ‘अर्मिनवाली बाई’ हे चित्र (अर्मिन म्हणजे मुंगसासारखा पांढरा प्राणी). बंद व्हायची वेळ बघून घे.

जेवायला ‘बार म्लेच्नी’ म्हणजे साध्या खाणावळी शोध, स्वस्त असतात. पिएरोगी रुस्किए म्हणजे बटाटा-चीज भरलेले मोमोसारखे, पण वर चरबीचे तुकडे टाकतात. ‘बेझ स्क्वारेक’ (चरबीशिवाय) म्हण. झुरेक सूप दिसायला आपल्या आंबिलीसारखं, पण आत सॉसेज.
– न्युर्नबर्गची मावशी

*

मावशींचं सगळं मान्य, पण कॉलेजिअम सोडून काझिमिएझ, म्हणजे जुनी ज्यू वस्ती घ्या. शुक्रवार आहे, संध्याकाळी सुरू होणाऱ्या शाब्बाथमुळे (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं लवकर बंद होतात, म्हणून जेवण उरकून लगेच तिकडे. रेमु सिनेगॉगमागचं सोळाव्या शतकातलं दफनस्थान बघाच.

दमा असेल तर मास्क न्या. शहरात कोळसा आणि लाकूड जाळायला 1 सप्टेंबर 2019 पासून बंदी आहे, पण आजूबाजूच्या गावांतला धूर थांबत नाही. वारा पडला की घसा धरतो.

आणि हो, कुणी म्हातारं माणूस भेटलं तर ‘कोल्हापूर’ म्हणून बघा. 1943 ते 1948 आमच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तेच आजचं गांधीनगर.
– कोल्हापूरकर

*

काका, मी इचलकरंजीची! गांधीनगरला कपडे घ्यायला कितीदा गेलोय, पण हे घरात कुणी कधी बोललं नाही. कॉलेजिअम रद्द, काझिमिएझ पक्कं. मावशी, लोरेन्झचा देवदूत बघायला येईन तेव्हा फोन करते. आता एवढंच सांगा, झ्लॉटी (तिकडचं चलन) आधी घेऊन ठेवू की कार्ड सगळीकडे चालतं?